तिसऱ्या ट्रॅकवर अजून कोणी नाही

मामा, पंखा बंद केला आहे. खिडक्याही लावून घेतल्या आहेत. खाली मामी झोपल्या आहेत, निदान आडव्या तरी झाल्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी देऊन आणि प्रत्येकाला तीच हकीकत पहिल्यापासून सांगून त्या पार दमल्या आहेत. दूध आणून ठेवलं, खुर्चीत बसले, पेपर उघडला, आणि मग पेपर तसाच मांडीवर. मी जिन्यातून जाता-येता ते इतक्यांदा ऐकलं आहे की आता मलाच ते दिसल्यासारखं वाटतं. खरं तर मी त्या वेळी कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत होते.

मीही दमले आहे. रडून दमले असते तर बरं झालं असतं. नुसतीच दमले आहे.

समोर आपला रेकॉर्डर आहे. काल मामींनी तो तुमच्या जुन्या वेष्टीत, त्या पांढऱ्या धोतरात, गुंडाळलेला तसाच्या तसा माझ्या हातात दिला. मला लाडानं 'मा' लावत म्हणाल्या, "हें वर घेऊन जा मा. खालीं असलें तर सारखें तिकडे डोळे जातात." मी वेष्टी सोडली. आवाजाच्या सरकपट्टीच्या खाचेत रव्याचा एक वाळलेला कण अडकला होता. तो मी काढला नाही.

तांबरमला तुमचं वरचं घर भाड्यानं बघायला मी आले तेव्हा साताऱ्याच्या सवयीनं फाटकातून "काका!" अशी हाक मारली होती. शेजारची पोरं खो-खो हसली. तामिळमध्ये ते कावळ्याचं नाव आहे हे मला काय माहीत! तुम्ही व्हरांड्यात आलात, पोरांना दटावलंत आणि मला म्हणालात, "मामा म्हण. कावळे इकडे पुष्कळ आहेत." चेन्नईत येऊन मला जेमतेम महिना झाला होता, आणि समोरचा माणूस माझ्याशी मराठी बोलत होता, तीही इकडेच पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यातली, अशी, की शाळेत इतिहासाच्या पुस्तकात चौकटीत छापलेली असायची. तुम्हाला मात्र माझीच मराठी विचित्र वाटायची. अर्धी हिंदी आहे, म्हणायचात.

त्या घराचं भाडं, पाण्याची वेळ, गॅस, यातलं काही बोलणं व्हायच्या आत तुमची नजर माझ्या तानपुऱ्याच्या पेटीवर गेली होती. गातेस काय, म्हणून विचारलंत. थोडंफार, म्हटलं. तेवढ्यावर घर मिळालं.

शनिवारी तुमच्या हॉलमध्ये जमखाना अंथरला जायचा आणि भजनाची मंडळी बसायची. तुम्ही मृदंगावर. मी कोपऱ्यात बसून मागून म्हणायची. तिथे तुमच्या आईचं ते झोपाळ्याचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवून म्हणायचं गाणं. त्यात नवरीला सांगितलंय की तुझं घर आता नदीपलीकडे, तिथली चूल अशी, तिथला देव असा, तिथं सकाळी पाणी असं भरायचं. तुम्ही ते जाड्या आवाजात, चाल सांभाळत म्हटलंत आणि मग म्हणालात, "हें म्हणणारें आतां घरांत कोणी नाहीं. मी आहें, पण माझा गळा म्हणजे दळणाची गिरण." मामींना सूर नाही, हे त्या स्वतःच हसत सांगतात. मग ते गाणं मला शिकवायचं ठरलं. आणि शिकवता शिकवता ते कुठेतरी उतरवून ठेवायचं ठरलं, माझा गळा आणि तुमचा मृदंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एवढंच आपल्याला हवं होतं. एक गाणं.

त्या एका गाण्यासाठी आपण किती चर्चा केली, मामा! मुलीसाठी स्थळं बघावीत तसे आपण रेकॉर्डर बघत होतो. मी ऑफिसातून माहिती छापून आणायची, तुम्ही चष्मा लावून पेन्सिलनं खुणा करायचात. मी म्हणत होते, कॉम्प्युटरवरच करू, माझ्याकडे आहेच. तुम्ही येऊन कॉम्प्युटरपाशी दोन मिनिटं उभे राहिलात आणि म्हणालात, "ह्याच्या पोटांत पंखा आहे. हाच गातो आहे." मान्य करावं लागलं. मग कॅसेटवरचा चार ट्रॅकचा जुना रेकॉर्डर कोणी विकत होतं, तो तुम्हाला आवडला होता, कारण त्यात फीत फिरताना दिसते. मी तो हाणून पाडला. मग हार्ड डिस्कवाला की कार्डवाला? हार्ड डिस्कवाल्यात तासन्तास मावणार, पण ती बारीक घरघर करते. कार्डवाला अगदी मुका, पण कार्ड लवकर भरतं. तुम्ही म्हणालात, आपल्याला एक गाणं करायचं आहे, अख्खं रामायण नाही. कार्डवाला ठरला.

ट्रॅक म्हणजे काय, ते मी तुम्हाला जेवणाच्या पानावर समजावलं होतं. एका मशीनमध्ये आठ वेगळे कप्पे. एकावर गळा, एकावर मृदंग, एकावर टाळ. एकाचं चुकलं तर तेवढंच पुसायचं, बाकीच्यांना परत बसवायची गरज नाही. तुम्ही खूश झालात. मला वाटलं, पुसता येण्यावर खूश आहात. नंतर कळलं की तुमच्या डोक्यात शनिवारचा जमखाना होता. आठ कप्पे म्हणजे आठ जण. एका वेळी. मांडीला मांडी लावून. आणि गंमत म्हणजे, एवढे कागद वाचून माझ्याही डोक्यात हळूहळू तेच चित्र बसलं. एकेकट्यानं वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच भजन म्हणायचं, ही कल्पना आपल्या दोघांच्याही मनात शिरली नाही.

माउंट रोडच्या वाद्यांच्या दुकानात तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. दुकानदार बटणं दाखवत होता, दिवे लावून दाखवत होता. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "आठ माणसें बसतील ना, तें विचार मा." मी तामिळमध्ये, माझ्या त्या मोडक्यातोडक्या तामिळमध्ये, विचारलं. तो छाती फुगवून म्हणाला, "एट्टु ट्रॅक, सार! एट्टु!" आठ. तुम्ही मान डोलावलीत. तो खोटं बोलला नाही. आपण दुसरंच काही ऐकायला गेलो होतो.

घरी येऊन आपण जमखाना अंथरला, मशीन मधोमध ठेवलं, मामींनी त्याला कुंकू लावलं. मग मी ते मायक्रोफोन जोडायला उलटं केलं आणि बघत राहिले. मागे मायक्रोफोनची भोकं दोनच. ट्रॅक आठ, पण एका वेळी आत जाणार फक्त दोन आवाज.

"बाकी सहा जण कोठें बसतील?" तुम्ही विचारलंत.

"कुठेच नाही, मामा. ते नंतर एकेक करून येतील."

"येतील, आणि कोणासंगें म्हणतील?"

मामी दारातून म्हणाल्या, "बरें झालें, सहा जणांची काफी वांचली." आणि मग आपण तिघंही इतके हसलो की मशीनला लावलेलं कुंकू माझ्या बोटाला लागून सगळीकडे झालं. परत करायला जाऊ या म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत. कुंकू लावलेली वस्तू दुकानात परत नेतात का?

मी मनाची समजूत घातली. आपलं गाणं तर दोघांचंच आहे. एक मायक्रोफोन मला, एक तुम्हाला. झालं. आणि तिथेच आपलं खरं भांडण सुरू झालं.

तुम्ही म्हणालात, मृदंगाला दोन तोंडं आहेत, त्याला दोन मायक्रोफोन पाहिजेत. मी म्हटलं, एक मधोमध ठेवू. तुम्ही म्हणालात, मग डावी बाजू ऐकू येणार नाही, आणि डावी नाही तर तो मृदंग नव्हे, डबा. आपण करून पाहिलं. तुमचंच खरं होतं. उजवी बाजू कडकडत होती, आणि डावीचा तो खाली बसणारा, पोटातून येणारा आवाज, ज्याच्यासाठी तुम्ही मामींच्या उपम्यातला रवा पळवून, भिजवून तिथे थापायचात, तो कुठेच नव्हता. म्हणजे दोन्ही भोकं मृदंगाची. मी बाहेर.

मी कागद वाचले होते. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आधी ताल भरावा, मग त्यावर गळा चढवावा. सगळं जग तसंच करतं, मी तुम्हाला म्हटलं. मशीनमधली टक्-टक् लावून हेडफोन तुमच्या कानाला चढवला. तुम्ही बिचारे वाजवायला लागलात. थोड्याच वेळात हात थांबवलेत आणि हेडफोन काढून जमखान्यावर ठेवलात.

"हा मला ओढत नेतो, मा. गाणार नसतां मी कोणास वाजवूं?"

"गाणं तुम्हाला पाठ आहे की!"

"गाणें पाठ आहे. तूं पाठ नाहींस. तूं कोठें श्वास घेशील, कोठें लांबवशील, तें मशीनीस ठाऊक काय?"

मी चिडले होते. दिवसभर कारखान्यात यंत्रांच्या वेळा पाळून यायचं आणि घरी येऊन तुमचं हे. मी म्हटलं, मग नकोच करायला. तुम्ही म्हणालात, नक्को तर नक्को. मामींनी पंखा सुरू केला, तोपर्यंत आपण तिघंही घामानं निथळत होतो. एक आठवडा आपण जिन्यात भेटलो तरी फक्त पाण्याच्या मोटरबद्दल बोललो.

तोडगा तुम्ही काढलात. रविवारी दुपारी वर आलात, चपला बाहेर काढून दारात उभे राहिलात. "आल्लों मा. ऐक. तूं माझ्यासमोर बस आणि गा. पण आवाज नक्को. ओठ फक्त. मी ओठ पाहून वाजवतों."

मला हसू आलं होतं. पण दुसरा मार्ग नव्हता, आणि रविवार होता, म्हणजे हवाई दलाच्या तळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून जाणार नव्हती. पंखा बंद. खिडक्या बंद. मामींना कुकर लावायची बंदी. उन्हाळ्याचे अगदी मधले दिवस, भिंतीसुद्धा तापलेल्या. तुम्ही लाकडी ठोकळ्यानं कडा ठोकत मृदंग माझ्या सुराला लावलात, रवा थापलात, आणि म्हणालात की घाई कर, हा रवा वाळला की सूर चढेल.

मी तुमच्यासमोर मांडी घालून बसले आणि आवाज न करता गायले. त्याच्याइतकं कठीण काही मी आजवर केलेलं नाही, मामा. आवाज काढायचा नाही म्हटलं की गाणं अंगात मावत नाही. खांद्यात येतं, भुवयांत येतं. तुमचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले होते. मी ओठांनी एक अक्षर लांबवलं की तुमचा डावा हात तिथे घसरत यायचा. मी श्वास घेतला की तुम्ही जागा सोडायचात. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता आणि तरी कोणीतरी तो पूर्णपणे ऐकत होतं. इतकं लक्ष देऊन मला आयुष्यात दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं, पण तुम्ही लगेच रव्याची चौकशी सुरू केलीत.

तिसऱ्या कडव्यात मी अडकले. नदीपलीकडच्या घराची ओळ संपली आणि पुढची आठवेना. मोठ्यानं गाताना विसरलं तर आलाप घेऊन वेळ काढता येतो. मुक्यानं गाताना काय करणार? मी नुसती तोंड उघडं ठेवून तुमच्याकडे बघत बसले. तुम्ही थांबला नाहीत. उजवा हात अगदी हलका केलात, डावा खाली टेकवून ठेवलात, भुवया वर केल्यात आणि म्हणालात, "हं?" ओळ आठवली. आपण शेवटपर्यंत गेलो.

नंतर ऐकलं तर सगळं आलं होतं. दोन्ही तोंडं, दोन ट्रॅकवर. आणि मध्येच तो खळगा, आणि त्यात तुमचं "हं". मी म्हटलं, हेच तर मशीनचं सुख आहे, एवढं कापून टाकते, कोणाला कळणारही नाही. तुम्ही म्हणालात, नक्को. मी म्हटलं, गाणं बिघडतं, तिथे रिकामं वाटतं. तुम्ही म्हणालात, "रिकामें कोठें? मी वाजवतों आहें." आपण त्यावर उपमा खाताना भांडलो, दुसऱ्या दिवशी जिन्यात भांडलो. शेवटी तुम्ही तामिळमध्ये बरं-बरं करत म्हणालात, "सरी, सरी. तूं आधीं गा. तिसऱ्यावर तुझा गळा भर. मग तुला कापावें वाटलें तर काप."

आणि मग तो तिसरा ट्रॅक राहून गेला. एकदा माझा घसा बसला होता. एकदा शेजारी लग्न निघालं आणि नादस्वरम् वाजत राहिलं. मग पाऊस सुरू झाला, मग कंपनीत नवीन गाडीचं काम निघालं आणि मी रविवारीही जायला लागले. एका संध्याकाळी मी खाली आलेही होते, म्हटलं, चला, आज भरून टाकू. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मामींना कॉफी करायला सांगितलीत. "थकलेल्या गळ्यानें नक्को मा. जा, झोप. मशीन कोठें जातें?"

मशीन कुठेही गेलं नाही, मामा.

मला राग आला आहे तुमचा. जराही घाई कशी नव्हती तुम्हाला? निवृत्त माणूस, दिवसभर घरी, एकदा तरी जिना चढून येऊन म्हणायचं होतंत की पुरे आता, गा. तुम्ही रोज विचारायचात ते एवढंच की जेवलीस काय. आणि मी जेवले म्हणायची, आणि आपण दोघंही समाधानानं आपापल्या घरात जायचो. मला वाटायचं, हे असंच चालणार आहे. परक्या गावात कोणीतरी खाली आहे, दिवा लागलेला आहे, फाटकाची कडी वाजली की "आल्लीस काय मा?" येणार आहे. त्या हाकेच्या जोरावर मी इथे राहिले. पुण्याची नोकरी आली होती तेव्हा घरच्यांना मी पगाराचं कारण सांगितलं. कारण ते नव्हतं. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

परवा भजनाची मंडळी येऊन बसून गेली. जमखाना कोणी अंथरला नाही, सगळे खुर्च्यांवर अवघडून बसले. तुमचा मृदंग कोपऱ्यात त्याच्या खोळीत होता. एक जण म्हणाले, रावसार (तुम्हाला ते तसंच म्हणतात) वाजवायचे तेव्हा गाणाऱ्याला आपण चांगलं गातो असं वाटायचं. मी आत जाऊन कपबशा विसळत उभी राहिले.

आज रविवार आहे. विमानं नाहीत. घसा चांगला नाही, तुम्ही ऐकला असतात तर मला परत झोपायला पाठवलं असतंत. पण पाठवायला तुम्ही नाही आहात, आणि माझा थकवा काही झोपेनं जाणारा नाही. म्हणून मी एक मायक्रोफोन जोडला. दुसरं भोक रिकामं राहिलं. हेडफोन घातला. तिसऱ्या ट्रॅकचा लाल दिवा लावला.

तुमचा हात आला. आधी उजवा, मग डावा. ते ऐकल्यावर मला पहिली ओळ घेताच आली नाही. परत मागे नेलं. दुसऱ्यांदा घेतली. आवाज खरखरीत लागला, तरी तशीच पुढे गेले. मामा, सगळं तिथे होतं. जिथे मला श्वास लागत होता तिथे तुम्ही आधीच जागा सोडून ठेवली होतीत. जिथे मी अक्षर लांबवते तिथे डावा हात येऊन थांबला होता. तेव्हा तुम्ही माझ्या मागे होतात. आज मी तुमच्या मागून चालले होते आणि माझं काही चुकत नव्हतं.

तिसरं कडवं आलं. ओळ मला आता पाठ आहे, झोपेत विचारली तरी सांगेन. नदीपलीकडच्या घराची ओळ संपली आणि पुढची ओठांवर तयार होती. पण तुमचा उजवा हात हलका झाला, डावा खाली टेकला, आणि माझा आवाज फुटेना. घाम की काय ते डोळ्यांतून हनुवटीपर्यंत आलं होतं. मी तोंड उघडं ठेवून तशीच बसले. लाल दिवा चालूच होता. तुम्ही वाजवत राहिलात, हळू, अगदी हळू, काही घाई नसल्यासारखं.

मग कानात म्हणालात, "हं?"

मी पुढची ओळ घेतली.